तात्यांची करवंटी

शिमग्याला बारा दिवस राहिले होते. बा सकाळपासून जाळी रंगवत होता. ऐनाची साल कुटून मोठ्या तांब्याच्या हंड्यात पहाटेच उकळत घातली होती आणि तिचा तुरट वास आमच्या ओटीपासून वरळीच्या खडकांपर्यंत पसरला होता. बा आणि त्याच्या होडीवरचा दत्तू, दोघे बांबूच्या दांड्यांनी जाळं त्या लालसर काळ्या पाण्यात दाबत, वर ओढत, पुन्हा दाबत. दोघांचे हात कोपरापर्यंत रंगले होते. हा रंग साबणाने जात नाही. तो कातडीबरोबरच हळूहळू झडतो.

मी ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. गिरगावातल्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते ती तीन आठवड्यांपूर्वी बंद झाली होती. खोताच्या वाडीच्या तोंडाशी माझी खोली होती. तिथली निम्मी घरं कुलपं लावून गेली होती, आणि राहिलेल्यांपैकी कित्येकांच्या दारांवर म्युनिसिपालटीच्या माणसांनी मेलेल्या माणसामागे एक, असे लाल रंगाने गोल काढले होते. मी पुस्तकांचं बोचकं घेऊन घरी आले होते.

"रखमे," बा म्हणाला, "त्या कागदात म्हावरा गुंडाल. वाचून वाचून कागद झिजंल."

"नाखवा, तिला बोलू नको," दत्तू म्हणाला. "उंद्या गोरा सायेब येऊन तुज्या होरीवर काय तरी लिवून जाईल, तवा वाचायला तीच लागंल."

"लिवलेली होरी जास्त जोरात चालतंय का रं?" आय बोंबील पलटता पलटता म्हणाली. "तोंड चालतंय तवढे हात चालवा. ऊन कलतंय."

शेजारच्या दारात दत्तूची बायको गुणवंती तान्ह्या मुलीला मांडीवर आडवी घेऊन न्हाऊ घालत होती. तीही हसली. मुलीच्या डोक्यावरून पाणी ओघळलं आणि ती रडायला लागली. तो दिवस असा होता. मी नंतर तो पुष्कळदा उलगडून पाहिला आहे आणि मला त्यात आणखी काही सापडलेलं नाही.

दुपारी माळ्यावरचं शेवटचं जाळं काढायला दत्तू वर चढला. त्याने जाळं खाली सोडलं आणि त्याच्या घडीतून तीन उंदीर जमिनीवर पडले. मेलेले. एकाच्या तोंडाला रक्त होतं.

आयने सुपलीत घेऊन ते उंदीर भरतीच्या पाण्यात टाकले. परत येऊन तिने सुपली वाळूने घासली.

"मांजरानं मारलं," बा म्हणाला.

आमच्या घरात मांजर नव्हतं.

मी वर्तमानपत्राची घडी घातली. ज्या पानावर मांडवीत मरून पडलेल्या उंदरांविषयी लिहिलं होतं, ते पान आत गेलं.

*

दिवेलागणीला आम्ही सगळे तात्यांकडे गेलो. त्यांची धुनी गावाच्या टोकाला, खडकांच्या आडोशाला होती. ती जागा बानेच दिली होती.

तात्यांचं खरं नाव रघुवीर. राजापुराकडचे. परळच्या एका गिरणीत पिंजण खात्यात सोळा वर्षं काढलेली. तिथल्या कापसाच्या कणांनी छाती भरलेली. वाक्य बोलता बोलता ते खोकत, आणि खोकून झालं की आधीचं वाक्य जिथे सुटलं तिथूनच उचलत. काम सुटल्यावर लालबागच्या एका चाळीच्या अंगणात ते धुनी पेटवून बसले. सुरुवातीला लोक म्हणाले, वेड लागलं. मग त्यांच्यापाशी बसून गिरणीतल्या माणसांची दारू सुटू लागली तेव्हा म्हणाले, साधू आहे. मग त्यांनी एका संध्याकाळी महार कामगारांना मराठ्यांच्या पंगतीत बसवलं, त्याच अंगणात, त्याच पत्रावळींवर. दुसऱ्या दिवशी चाळीतल्यांनी धुनीवर घाण पाणी ओतलं आणि तात्यांच्या पाठीत काठ्या घातल्या. ते वरळीच्या वाटेवर येऊन पडले तेव्हा बाने त्यांना पाहिलं. बा त्या वेळी स्वतः दारू पिऊन पडलेला होता. दोघे एकाच गटारापाशी रात्रभर होते असं बा सांगायचा आणि हसायचा. सकाळी उठून बाने त्यांना घरी आणलं. नंतर त्याने दारूला हात लावला नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. नवरा त्याच वर्षीच्या वादळात होडीसकट गेला होता. आमच्यात पाट लागतो. बाने एक बिजवर पाहूनही ठेवला होता. तात्या म्हणाले, "जगन, पोरीला दुसरा नवरा द्यायची घाई करतोस. तिला आधी अक्षर दे." गावात त्यावरून शेण उडालं. आमची म्हातारी शेजारीण गंगुबाई दारात उभी राहून ओरडायची, "गिरणीतून हाकललेला त्यो, आमाला शिकवतंय! कोल्याची पोर पुस्तक घेऊन बाजारात बसंल काय?" बाने ऐकून घेतलं आणि मला गिरगावला पोचवलं. आज मी जे काही वाचते ते त्या एका वाक्यामुळे वाचते. हे मी आधीच सांगून ठेवते.

धुनीपाशी एक रीत होती. तात्या नारळाच्या करवंटीत समुद्राचं पाणी घेत आणि ती उजव्या हाताच्या माणसाला देत. ज्याच्या हातात करवंटी, त्याने बोलायचं. बाई असो, पोर असो, कुठल्या का जातीचा असो. तो बोलेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही, तात्यांनीसुद्धा नाही. बोलायचं नसेल तर पाण्याला बोट लावून कपाळाला टेकवायचं आणि करवंटी पुढे द्यायची. नवऱ्याने मारलेल्या बायका तिथे नवऱ्यासमोर बोलल्या आहेत. पाटलाच्या सुनेने पाटलासमोर घरचा जाच सांगितला आहे. मोठमोठ्या सभांची वर्णनं मी वाचली होती, पण असा नियम मला कुठल्या पुस्तकात आढळला नव्हता.

त्या सालात मात्र तात्यांनी आणखी एक नियम घातला होता. गावात आलेल्या आजाराचं नाव घ्यायचं नाही.

त्या संध्याकाळी ते त्याविषयीच बोलले.

"लालबागेत माझ्या ओळखीचा एक जॉबर होता, गिरणीत माणसं कामाला लावणारा," ते म्हणाले. "ताप आला. शेजारच्याने तो शब्द उच्चारला. नुसता उच्चारला. तासाभरात शिपाई आले. माणूस डोलीत घालून नेला. बायको मागे धावली तर तिला काठीने अडवलं." खोकले. "तिला नंतर प्रेतही मिळालं नाही. विचारायला गेली तर म्हणाले, नाव सांग. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ते नाही, आजाराचं सांग." खोकले. "नाव पडलं की माणूस उरत नाही. नाव उरतं. आपण नाव घेणार नाही. ताप आहे, तापाला पाणी देऊ. अंग दुखतं, अंग चेपू. भ्यायचं नाही आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. एवढंच."

लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्यांनी सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती.

करवंटी फिरत माझ्याकडे आली. आत पाणी हलत होतं. मी उंदरांविषयी बोलणार होते. मी वाचलं होतं की ज्या घरात उंदीर मरतात ते घर लगेच सोडावं, आणि सोडून उघड्यावर राहिलेली माणसं पुष्कळ वाचतात. बा समोर बसला होता, रंगलेले हात गुडघ्यांवर ठेवून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली.

मी बोट पाण्याला लावून कपाळाला टेकवलं आणि करवंटी पुढे दिली.

*

दुसऱ्या दिवशी झडती आली. साहेब, दोन गोरे सोजीर, आपलेच चार शिपाई, आणि मागून चुन्याच्या बादल्यांची गाडी. वाटेवर एक बाई उभी केलेली असे. तिने ओल्या बोंबलांच्या दांडीवर तांबडं लुगडं टाकलं की समजायचं.

यासाठी गावाने जी युक्ती काढली होती ती फक्त कोळ्यांनाच सुचेल. आजारी माणसांना होडीत घालायचं, वर शीड अंथरायचं आणि समुद्रात आमच्या जाळ्यांचे खांब रोवलेले आहेत तिथे नेऊन बांधायचं. किनाऱ्यावरून पाहिलं तर होड्या म्हावऱ्याला गेल्यासारख्या दिसत. झडती संपली की लुगडं काढायचं. तात्या म्हणत, समुद्रावर रोग टिकत नाही. बा म्हणे, सायेबाला पोहता येत नाय.

त्या दिवशी दत्तूची आई काशीबाई तापाने फणफणली होती. तिला उठवेना. दत्तू तिचे पाय धरून नुसता उभा राहिला. बा म्हणाला, "सरक," आणि तिला पाठुंगळी घेतलं. तिची मान त्याच्या खांद्यावर पडली होती. ती खोकत होती. दरवेळी खोकली की बाच्या मानेवर थुंकी उडत होती आणि त्याचे दोन्ही हात तिच्या मांड्यांखाली अडकलेले असल्यामुळे त्याला ती पुसता येत नव्हती. कंबरभर पाण्यातून चालत तो होडीपर्यंत गेला.

"हलू हलू, रं," काशीबाई म्हणाली. "मी काय तुजा बोंबील हाय?"

"बोंबील हलका असतंय, मावशे."

त्याच संध्याकाळी होडीतच तिने प्राण सोडला. तिला परत आणलं तेव्हा तात्यांनी स्वतः तिचं तोंड पुसलं, केस विंचरले. ते घाबरत नसत. त्यांच्याविषयी ज्यांनी वर्तमानपत्रांत लिहिलं, भोंदू म्हणून, लोकांना मरणाच्या खाईत लोटणारा म्हणून, त्यातल्या एकानेही असं मेलेल्या म्हातारीचं तोंड पुसलेलं नसेल. ती पत्रं मीच त्यांना वाचून दाखवत असे. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "मजकूर चांगला आहे. पुढे वाच."

काशीबाई गेल्याच्या चौथ्या दिवशी बा होडीवरून आला आणि जाळं न उतरवता ओटीवर बसला.

"भूक नाय," तो म्हणाला.

आयने कपाळाला हात लावला. हात तसाच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ आत गेला.

रात्रीतून त्याचे डोळे तांबडे झाले. बोलताना जीभ जड पडू लागली, दारू प्यायल्यासारखी. गंगुबाई दारातून डोकावून म्हणाली, "जगन, परत चालू केलीस काय रं?" आणि मग त्याचा चेहरा नीट दिसल्यावर पदर तोंडाला लावून निघून गेली.

सकाळी आय पाणी आणायला गेली होती. मी बाचा सदरा बदलत होते. त्याने उजवा हात अंगापासून दूर, वाकडा धरला होता, पंख मोडलेल्या बगळ्यासारखा. मी तो उचलला तसा तो ओरडला. कोपरापर्यंत हात लाल-काळा होता, ऐनाच्या सालीचा. वर दंड गोरा. काखेत, केसांच्या मध्ये, लिंबाएवढी गाठ होती. वरची कातडी ताणून चकाकत होती.

मी हात हळूच खाली ठेवला. सदरा तसाच राहू दिला.

आय घागर घेऊन आत आली. "काय गो?"

"काय नाय," मी म्हणाले. "घाम आलाय."

तिने घागर उतरवली. तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तिनेही ती आधीच पाहिली होती. हे मला नंतर कळलं. तीही तेच म्हणाली असती, घाम आलाय.

*

त्याच दिवशी दुपारी तांबडं लुगडं पडलं.

बाला दत्तूने आणि तात्यांनी उचललं. आजाऱ्याचं वेगळं, पण आमच्यात धडधाकट बायका म्हावऱ्याच्या होडीत चढत नाहीत. मी पाण्यात शिरले तेव्हा दत्तू थबकला. तात्या म्हणाले, "येऊ दे तिला. बाप आहे तिचा." आय किनाऱ्यावर राहिली, कारण साहेब आला तर घरात कुणीतरी हवं होतं. चूल पेटलेली हवी होती.

आम्ही खांबांपाशी होडी बांधली. ओहोटीची ओढ होती. होडी दोर ताणून धरे आणि मग धक्क्याने मागे येई. शीड बाच्या अंगावर घातलं होतं, पण त्याला त्याचं ओझं सोसेना, म्हणून मी ते दोन वल्ह्यांवर टांगून सावली केली. ऊन तापलं होतं. होडीच्या फळ्यांना जुन्या जवळ्याचा वास होता. बाला दोनदा उलटी झाली. तात्यांनी ती ओंजळीत घेतली आणि समुद्रात टाकली, हात धुतले, पुन्हा त्याच्या उशाशी बसले. दत्तू पुढल्या टोकाला पाठ करून बसला होता. किनाऱ्यावर साहेबाची पांढरी टोपी एका दारातून आत जाई, बाहेर येई, पुढल्या दारात जाई. आमच्या घरात ती बराच वेळ राहिली.

बा बडबडत होता. खांब मोजत होता. त्याच्या आज्याने रोवलेला, बापाने रोवलेला, त्याने स्वतः रोवलेला. मग एकदम त्याचे डोळे नीट झाले. तापात असा एक क्षण येतो, मी वाचलं होतं.

"रखमे."

"हां बा."

"तू वाचतस." त्याने ओठ चाटले. "ह्ये काय जालंय मना?"

ओहोटीचं पाणी होडीच्या बुडाला घासत होतं. तात्या माझ्याकडे पाहत नव्हते. ते आता बाच्या पायाशी बसून अंगठा चेपत होते. पण अंगठा चेपणारा त्यांचा हात थांबला होता.

"खरा सांग," बा म्हणाला. "तुना म्हायती हाय. मना पोरासारखा नको करू. मना सांगायचा हाय दत्तूला, तुज्या आयेला. माज्या मागं काय करायचा त्ये."

मी चोवीस वर्षांची होते. मी सगळी वर्तमानपत्रं वाचली होती. गाठ कुठे येते, किती दिवसांत येते, त्यानंतर काय होतं, घरातल्या बाकीच्यांनी काय करावं, सगळं मला पाठ होतं. मला एक शब्द बोलायचा होता.

"ताप हाय, बा," मी म्हणाले. "उतरंल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "बरा," आणि तोंड दुसरीकडे वळवलं. एखाद्या अनोळखी माणसाने वाट सांगितली नाही तर आपण म्हणतो ना, बरं. तसं.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. लुगडं काढलं गेलं तेव्हा ऊन कललं होतं. दत्तू दोर सोडायला उठला आणि वळून म्हणाला, "नाखवा गेला."

दवाखान्यात नेलं असतं तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. तिथेही माणसं मरत होती. पण त्याने जे विचारलं होतं ते मरण चुकवण्यासाठी विचारलं नव्हतं.

*

होळीसाठी पोरांनी जमवलेली लाकडं बाच्या सरणाला गेली. त्या साली गावात होळी पेटली नाही.

आयच्या बांगड्या फोडायला बायका जमल्या तेव्हा तात्या ओटीवर चढले. "कुणी दगड उचलायचा नाही," ते म्हणाले. "जगन गेला. शेवंता गेलेली नाही." गंगुबाई पाटलाकडे तक्रार घेऊन गेली. तशीच परतही आली. आयचे हिरवे चुडे हातात राहिले. तांदूळ पाखडताना ते वाजत, आणि ती मध्येच थांबून त्यांच्याकडे बघत राही.

मला तात्यांचा राग यावा असं फार वाटत होतं. तो येईना.

घर कुणी सोडलं नाही. सोडायचं कशासाठी, तापासाठी? माळ्यावरून वास येत होता. मी वर चढून पाच उंदीर काढले आणि पुरले. रंगवलेली जाळी तशीच पडून होती. दत्तू ती डोक्यावर घेऊन आपल्या घरात गेला, कारण आता होडी त्यालाच चालवायची होती. त्याची तान्ही मुलगी त्या जाळ्यांवर झोपू लागली. मऊ होती ती. मी हे ओटीवरून रोज पाहत होते.

आयला मी एकदा म्हणाले, "आपण चार दिवस खडकांवर झाप बांधून राहू."

"लोकं इचारतील, घर कनाला सोडलं. काय सांगशील?"

मी तांदळातला एक खडा काढून बाहेर टाकला.

"तवा ऱ्हा इकरंच," आय म्हणाली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी धुनीपाशी सगळे जमले. परळहून गिरणीतली माणसंही आली होती. बाने लालबागेतल्या कित्येकांना रविवारी फुकट म्हावरा वाटलेला होता. उजेड होता अजून. पाणी खडकांपासून दूर गेलं होतं आणि चिखलावर बगळे उतरले होते. तात्यांची छाती त्या दिवशी फार भरली होती.

"जगन नाखवा," ते म्हणाले, "निरोगी अंगाने गेला. त्याला काही झालेलं नव्हतं. त्याची वेळ भरली, आणि तो आपल्या खांबांपाशी गेला. आपल्या बापजाद्यांच्या जागी. असं मरण..." ते खोकले. बराच वेळ खोकले. "असं मरण मिळावं."

लोक रडत होते. आय रडत होती. मी पाहिलं की तात्यांनाही ते खरंच वाटत होतं. ते होडीत होते, त्यांनी ती उलटी ओंजळीत घेतली होती, आणि तरीही.

त्यांनी करवंटी भरली आणि उजव्या हाताला दिली. ज्याला त्याला बाची आठवण होती. एका जॉबरने सांगितलं, नाखव्याने मला समुद्रात फेकून पोहायला शिकवलं. कुणी हसलं. गंगुबाई म्हणाली, "मी त्याला आयुष्यभर शिव्या दिल्या. त्यानं मना एकदा पण नाय दिली. हरामी होता." करवंटी दत्तूकडे आली. तो रडला आणि ती बायकोला दिली.

गुणवंतीने ती डाव्या हाताने घेतली.

मुलगी तिच्या डाव्या मांडीवर झोपली होती. त्यामुळे डावा हात काढताना तिला वाकडं व्हावं लागलं. उजवा हात मोकळाच होता. तो तिने अंगापासून दूर धरला होता. तिचे डोळे तांबडे होते, पण सगळ्यांचेच होते. करवंटी मांडीत टेकवून तिने त्याच डाव्या हाताचं बोट पाण्याला लावलं, कपाळाला टेकवलं. करवंटी माझ्याकडे देताना तिच्या तापलेल्या हाताचा चटका मला लागला. पाणी सांडलं.

मी दोन्ही हातांनी करवंटी धरली.

समोर तात्या बसले होते. ज्यांनी मला अक्षर दिलं ते. त्यांच्या शेजारी आय, हातात चुडे असलेली. मला वाटलं, हे पाणी पुढे द्यावं. पुढे पाटलाची सून होती, तिने हात पुढे केलाही होता.

"बा निरोगी नव्हता," मी म्हणाले.

कुणीतरी म्हणालं, "रखमे!"

"त्याच्या उजव्या काखेत गाठ होती. मी पाहिली. काशीमावशीला होती तीच. तिच्यापासून आली, नाहीतर आमच्या माळ्यावरच्या उंदरांपासून आली, मला ठाऊक नाही. होडीत त्याने मला विचारलं, काय झालंय. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

लोक उठायला लागले. पाटील ओरडला, "गप कर तिला! शिपायाच्या कानावर गेलं तर सगळा गाव उचलतील!" दोघे जण माझ्याकडे आले. तात्यांनी हात वर केला. त्यांना बोलता येत नव्हतं, खोकला दाबून धरला होता आणि मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"करवंटी," ते म्हणाले. पुन्हा श्वास घेतला. "करवंटी तिच्या हातात आहे."

ती माणसं जागच्या जागी थांबली. तात्यांनी डोळे मिटले, मी पत्र वाचून दाखवत असताना मिटत तसे. दत्तू माझ्याकडे बघत होता, मग तो बायकोकडे बघायला लागला. तिचा हात आत्ताच पहिल्यांदा पाहिल्यासारखा.

गुणवंतीने मुलीला आणखी जवळ ओढलं. तिचे ओठ सुकले होते.

"रखमे," ती अगदी हळू म्हणाली, "सकालपासून दुखतंय. काय जालंय गो मना?"

"गाठ हाय," मी म्हणाले. "पिलेगाची गाठ हाय, गुणवंते. पोर माज्या आयेकडं दे."